ताटावरचा हात

दत्तू बेडसेला गुजराती कुणी शिकवली असं विचारलं, की तो म्हणायचा, "ताटाने." यात खोटं काही नव्हतं. सुरत स्टेशनच्या अगदी बाजूला हसमुखशेठची थाळीची लॉज होती, आणि तिथे माणसाला भाषा पदार्थापदार्थाने मिळायची. नवा माणूस आला की त्याच्या हातात पाण्याचा जग. पाणीवाल्याने तोंड उघडायचंच नाही, नुसता पेला भरून पुढे सरकायचं. पुढे चटणी-लोणचं, तिथे दोन-तीन शब्द पुरायचे. रोटलीवाल्याला "गरम छे, साहेब" एवढं यावं लागायचं. दाळ-कढीवाल्याने गोड हवी की तिखट ते विचारायचं, फरसाणवाल्याने दोन गोष्टी करायच्या, आणि सगळ्यांच्या वर मिठाईवाला. त्याने गिऱ्हाइकाच्या घरची चौकशी करायची, म्हाताऱ्यांना हसवायचं, नको म्हणणाऱ्याला शपथा घालून वाढायचं. तो खानदेशी आहे हे कुणाला कळता कामा नये, ही शेठची अट.

माझी नवागामात पिठाची गिरणी आहे. आमच्याकडचे लोक दळण टाकतात आणि दळण होईपर्यंत बोलतात, त्यामुळे गल्लीतलं काही मला ठाऊक नाही असं होत नाही. दत्तू एक्क्याण्णव साली आला तो माझ्या समोरच्याच खोलीत. लूमवर काम करणारी पोरं तिथे भरलेली, दिवसपाळीवाले उठून गेले की रात्रपाळीवाले त्याच गोधड्यांवर आडवे. त्या खोलीत बायको आणायची म्हटलं तर बसवायची कुठे? म्हणून शोभा गावीच होती, नंदुरबारच्या पलीकडे, भावाच्या घरी. दत्तूला आईबाप नव्हते. शोभाचा भाऊ राघो चांगला होता, पण भावजयीच्या राज्यात लग्न झालेल्या नणंदेने किती वर्षं राहायचं, हे ज्याचं त्यालाच माहीत. दर उन्हाळ्यात ती ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा पाठवायची. खोलीत ठेवायला जागा नाही म्हणून तो डबा माझ्या गिरणीत असायचा आणि अर्ध्या बिबड्या माझीच पोरं खायची.

सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, शेठच्या पक्क्या खोल्या होत्या. त्यातली एक मिठाईवाल्याची. त्या वेळी मिठाई छगनकाकाकडे होती. छगनकाका आमच्याच बाजूचा, पण गुजराती अशी बोलायचा की भावनगरचे लोक त्याला गाव विचारायचे. त्याने स्वतःचं घर बांधलं होतं, म्हणून त्याच्या वाटची खोली कुलूप लागून पडून होती. शेठ दत्तूला म्हणाला होता, "मिठाईपर्यंत पोच, खोली तुझी. बायकोला घेऊन ये."

झालं. दत्तूचं सगळं आयुष्य त्या कुलपाला जाऊन लटकलं. सुटीच्या दिवशी हा माणूस नवागामाहून पार कोसाडला जायचा आणि बंद खोलीच्या खिडकीतून आत बघून परत यायचा. मला येऊन सांगायचा, "कट्टा शे. शोभाला उभ्याने स्वयंपाक करता येईल. नळ दारातच शे." मी म्हणायचो, अरे, आधी मिळू दे. तर म्हणायचा, "मिळीच मिळी."

हॉलमध्ये आपली बोली बोलायची नाही, असा नियम होता. दोघे चुकून अहिराणीत बोलले, की शेठ बोलणाऱ्याला दारात उभा करायचा, कान धरून. तसं कान धरूनच त्याने येणाऱ्या प्रत्येकाला "पधारो, साहेब" म्हणायचं. गिऱ्हाईक हसायचं, पोरंबाळं बोटं दाखवायची. दत्तूही उभा राहिला एकदा. कशासाठी, तर रोटली वाढणाऱ्या लखनचा पाय घसरला तेव्हा "संभायजो रे" असं तोंडातून गेलं म्हणून. पडणाऱ्या माणसाला सावध करायला सुद्धा आधी भाषा निवडायची! मला हे ऐकून संताप आला. दत्तू मात्र म्हणाला, शेठचंही बरोबर आहे, अशाने सवय लागते.

आणि लागली. प्लेगच्या साली अर्धी सुरत गावाकडे पळाली. शेठ म्हणाला, तू थांब, हॉल सांभाळ, तुझं मी लक्षात ठेवेन. आम्ही सगळे गाडीच्या डब्यात कोंबून निघालो आणि हा मागे राहिला. रिकाम्या हॉलमध्ये एकटा फिरून रिकाम्या खुर्च्यांना आग्रह करायचा, सराव म्हणून. "मारा सम, एक तो लेवुं ज पडशे." माझी शपथ आहे, एक तरी घ्यावंच लागेल. परत आलो तेव्हा त्याची गुजराती ऐकून मीच चकित झालो. शेठने त्याला फरसाणावर चढवलं. खोली एका पायरीवर आली.

तिथेच त्याचा पाय घसरला, आणि तो घसरायला आमचं खानदेशच कारण झालं.

आमच्याकडे पंगतीत आग्रह म्हणजे कुस्ती. खाणारा ताटावर हात आडवा धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवतो, बघणारे हसतात. हात धरला म्हणजे वाढ, असाच त्याचा अर्थ. दुसरी रीत दुखवट्याची. घरात कुणी गेलं की गोड बंद, आणि दिवस उरकले की आपल्यातल्या कुणीतरी वडीलधाऱ्याने आग्रह करून त्या माणसाचं तोंड गोड करायचं. तो नको म्हणतो, रडतो, तरी घास घालायचा. नाही घातला तर माणूस सुतकातच राहतो, असं आमच्या बायका मानतात.

एका दुपारी छगनकाका पाय सुजले म्हणून मागे खांबाशी बसला होता आणि श्रीखंडाचं पातेलं तेवढ्यापुरतं दत्तूच्या हातात आलं. एक कुटुंब जेवायला बसलेलं, मधे नुकतंच डोकं भादरलेला माणूस. दत्तूला वाटलं, दिवस उरकून नातेवाईक याला गोड खायला घेऊन आलेत. तो हसत पुढे झाला. माणूस ना म्हणाला. दत्तूने शपथ घातली. माणसाने ताटावर हात ठेवला. दत्तूने त्या हातावर, बोटांच्या फटीत, श्रीखंड घातलं.

तो माणूस हाताकडे बघत राहिला आणि मग सगळ्या हॉलसमोर रडायला लागला. त्याचा मुलगा गेला होता, आणि कुणीतरी बळेच दोन घास खायला आणलं होतं. घरचे लोक उठून दत्तूवर धावले. शेठने गल्ल्यावरून येऊन दत्तूच्या मुस्काटात मारली, मग त्याच हाताने गिऱ्हाइकाला नमस्कार केला. त्या लॉजमध्ये ताटावर हात म्हणजे संपलं, त्यापुढे देवाने आग्रह केला तरी वाढायचं नाही, हे दत्तूला त्या दिवशी कळलं. छगनकाका इतकी वर्षं त्याला एकेक वाक्य शिकवत होता, उच्चार घोटून घेत होता. तेवढं एक मात्र त्याने सांगितलं नव्हतं. तो खांबाशी बसून सगळं पाहत होता, हाक मारली असती तर दत्तू थांबला असता.

शेठने दत्तूच्या हातात परत पाण्याचा जग दिला. म्हणजे तोंड बंद.

दुसरा कुणी असता तर जग तिथेच आपटून लूमवर गेला असता. हा गेला नाही, कारण कोसाडचं कुलूप. परत पाणी, परत चटणी, परत रोटली. गावाकडे त्याची पोर नूतन चालायला लागली, बोलायला लागली, आणि बाप वर्षातून दोनदा दिसणारा पाहुणाच राहिला. दिवाळीला तो जाऊन आला, पुढे शोभाला परत दिवस गेल्याचं कळलं. या वेळी ती प्रथमच हट्टाला पेटली. बाळंतीण होऊन उठले की मी इथे राहणार नाही, मला तिकडे न्या, असा तिचा निरोप आला. दत्तू गिरणीच्या ओट्यावर बसून म्हणाला, "आता खोली मिळालीच पाहिजे, दादा. नही मिळाली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

शहाण्णव सालचा तो रविवार. छगनकाकाचे पाय आता त्याला उभं राहू देत नव्हते. हॉलमध्ये एका मोठ्या हिरेवाल्याच्या घरची सगाई होती, हॉल गच्च भरलेला. शेठने सकाळीच दत्तूला बोलावलं. "आजे मीठाई तारी. आज नीट पार पाडलंस, तर चावी आजच." छगनकाका गल्ल्याशेजारी स्टुलावर पाय लांब करून बसला.

सकाळचीच पहिली पंगत बसत होती तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. पुढचं मला लखनने सांगितलं, तो रोटलीची टोपली घेऊन गल्ल्याशीच उभा होता. पलीकडून कुणीतरी अहिराणीत ओरडत होतं. शेठला ओ की ठो कळेना. त्याने फोन छगनकाकाच्या कानाला लावला. तो राघो होता, नंदुरबारच्या एसटीडी बूथवरून. शोभाचं बाळंतपण अडलं होतं. मूल गेलं होतं, रक्त थांबत नव्हतं, आणि ती सारखी दत्तूचं नाव घेत होती. दत्तूला असेल तसा दुपारच्या गाडीत बसवून द्या.

छगनकाका हळू आवाजात "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवला. मग शेठला गुजरातीत सांगितलं. शेठने हॉलकडे पाहिलं. दत्तू मोहनथाळाचं ताट हातावर तोलून पहिल्या रांगेत शिरत होता.

"पहेलां आ पतवा दे," शेठ म्हणाला. आधी हे उरकू दे. "पछी कहेजे." मग सांग त्याला.

आणि छगनकाका पाय लांब करून परत बसला. लखनला शेठने नुसतं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. लखनला दोन लेकरं, घरी म्हातारी आई. तो रोटली घेऊन चालू लागला.

दत्तू त्या दिवशी जसा बोलला तसा उभ्या आयुष्यात बोलला नसेल. नवरदेवाच्या आजीला दात नव्हते, तिला म्हणाला, बा, हा मोहनथाळ तुमच्यासाठीच दाताशिवायचा केलाय. म्हातारी हसून हसून लाल झाली. तिने गाव विचारलं, तमे क्यांना, भाई, भावनगरना? दत्तूने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता म्हणे, की लखनला त्याच्याकडे बघवेना.

लॉज स्टेशनला इतकी लागून, की गाड्यांची घोषणा हॉलमध्ये ऐकू येते. दुपारच्या भुसावळ पॅसेंजरची झाली. गावाकडची गाडी, म्हणून नाव ऐकलं की दत्तू नेहमीच जरा थबकायचा. त्या दिवशीही थबकला, स्वतःशीच हसला आणि व्याह्यांना शपथ घालायला वाकला. गाडी गेली.

जेवणं उरकली. हिरेवाल्याने शेठची पाठ थोपटली. शेठने सगळ्यांसमोर मोहनथाळाची एक वडी दत्तूच्या तोंडात घातली आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवली. टाळ्या वाजल्या. ती वडी गिळून झाल्यावर छगनकाका त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "घरून फोन उना व्हता. शोभाले बरं नही. जाई ये."

दत्तू पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर बसला तेव्हा त्याला काळजी होती, पण भीती नव्हती. खिशात चावी होती. चावी बघितली की तिला अर्धं बरं वाटेल, असं तो लखनला म्हणाला.

तो पोचला तेव्हा उजाडत होतं. शोभा संध्याकाळीच गेली होती. दवाखान्याच्या दारात राघो भेटला. त्याने दत्तूला मिठी मारली नाही, की दत्तूला धरू दिलं नाही.

"सकायमाच फोन करा व्हता, दाजी," तो म्हणाला. "दिवस बुडेपर्यंत ती तुमनी वाट दखी राहिनी व्हती. तुम्ही उनात नही."

"माले कोनी सांगंच नही," दत्तू म्हणाला. तेव्हा त्याला फोन सकाळचा होता हे पहिल्यांदा कळत होतं.

राघोने विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? त्याने स्वतः आपल्या बोलीत, आपल्या माणसाच्या कानात निरोप घातला होता, आणि त्या माणसाने हो, हो म्हटलं होतं. आपला माणूस असा निरोप गिळेल, हे राघोच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. नूतन मामीच्या पदरामागे लपली, बापाकडे आली नाही. दिवस उरकेपर्यंत राघो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. निघताना एवढंच म्हणाला, की पोर आता इथेच राहील.

दत्तू डोकं केलेला परत आला आणि थेट लॉजवर गेला. शेठने चुकचुक केलं, खूप वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, असं डोकं घेऊन मिठाई कशी फिरवणार, लोकांना अपशकुन वाटतो, केस येईपर्यंत पाणी दे. मग हात पुढे केला.

"चावी."

दत्तूला कळेना.

"एकला माणसने खोली शुं करवी छे?" शेठने विचारलं. आवाजात राग नव्हता, भाजीवाल्याला विचारतात तसं विचारलं. एकट्या माणसाला खोली कशाला हवी? ती कुटुंबवाल्यासाठी आहे.

दत्तूने तोंड उघडलं. नूतनला आणणार आहे, खोली असेल तर तिचा मामा तिला पाठवेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्याची सगळी गुजराती वाढण्याची. घ्या, अजून घ्या, ना म्हणू नका, माझी शपथ. देण्याचे शंभर शब्द त्याला यायचे. स्वतःसाठी काही मागायचं असेल तर काय म्हणतात, हे कुठल्याच ताटाने त्याला शिकवलं नव्हतं. तो "साहेब, साहेब" करत राहिला. शेठने चावी त्याच्या खिशातून स्वतःच काढून घेतली.

मागे भांडी घासायच्या जागी लखनने त्याला फोनचं सगळं सांगितलं. दत्तू छगनकाकासमोर जाऊन उभा राहिला. छगनकाकाने वर पाहिलं आणि कित्येक वर्षांनी भर हॉलमध्ये मोठ्याने अहिराणीत बोलला. "तुनी खोली गई ऱ्हाती, दत्तू. तुना भला करताच दाबी ठेवं मी."

माझा यावर विश्वास नाही. कुणी काही म्हणो. दत्तू गाडीत बसला असता तर ती सगाई कुणाला वाढावी लागली असती? त्या सुजलेल्या पायांना. पाय वाचवले त्याने स्वतःचे. आणि समजा खरंच दत्तूच्या भल्यासाठी केलं असेल, तर तेही तितकंच नीच आहे.

दत्तूने जग ठेवला आणि चालत नवागामात आला. मी शब्द टाकला आणि त्याला समोरच्याच कारखान्यात लूम मिळाला. तिथे इतका आवाज असतो, की कुणाला कुठलीच भाषा लागत नाही.

पुढे काही दिवसांनी, तो गिरणीच्या ओट्यावर ताट घेऊन भाकरी खात बसला असताना, छगनकाका लंगडत आला. हातात मिठाईचा डबा. मी गिरणी बंद केली. गल्लीतले दोघेतिघे थांबले, कारण तो कशासाठी आला हे सगळ्यांना कळलं. दत्तूचं तोंड अजून कुणी गोड केलं नव्हतं. राघोने करायला हवं होतं, त्याने केलं नाही. सुरतेत आपल्यातला वडीलधारा म्हणजे छगनकाकाच.

तो कसाबसा ओट्यावर टेकला, डबा उघडला, वडी उचलली. मोहनथाळच होता. "ले, दत्तू. तोंड गोड कर, भाऊ."

दत्तूने ताटावर हात ठेवला.

छगनकाका आमच्यातलाच, त्याने रीतीप्रमाणे वडी त्याच्या बोटांच्या फटीशी नेली. दत्तूने हात हलवला नाही. लॉजमध्ये गिऱ्हाइकाशी बोलायचा त्या मऊ, अदबीच्या गुजरातीत तो म्हणाला, "ना, काका. हाथ मूक्यो छे." हात ठेवलाय.

वडी तिथेच थांबली.

मग दत्तूने आपल्या बोलीत एकच विचारलं. "गाडीनं नाव पुकारं, ते तुमले आयकू उनं व्हतं का?"

छगनकाकाने वडी डब्यात परत ठेवली. खोटं बोलला असता तरी चाललं असतं, आम्ही कुणी काही म्हणालो नसतो.

"उनं व्हतं," तो म्हणाला.

दत्तूने मान हलवली आणि हात तसाच ताटावर ठेवून बसून राहिला. छगनकाका उठला, भिंत धरत धरत गल्लीच्या तोंडाशी गेला. डबा ओट्यावरच राहिला. तो मी उचलून गटारात टाकला, आणि दळण पडलेलं होतं म्हणून गिरणी परत चालू केली.